दवाखाना कॉलेजचा, हद्द कोणाची?

‘मुलगी अमेरिकेत एम. एस. करते आहे. परवा फोनवर आवाज खोल गेलेला वाटला. खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, कॉलेजच्या दवाखान्यात जाऊन आले. आम्ही तिथं फोन लावला, तर पलीकडची बाई अगदी गोड आवाजात म्हणाली की प्रायव्हसीच्या कायद्यामुळे काही सांगता येणार नाही. शिक्षणाचं कर्ज आमच्या सहीनं काढलेलं, आणि आम्हालाच सांगता येत नाही? हा कुठला कायदा?’

मूल अमेरिकेत शिकायला पाठवलेले चार पालक एकत्र बसले की हा प्रश्न निघतोच, आणि त्यावर ‘हिपा! तिकडे हिपा फार कडक आहे’ असं सांगणाराही कुणीतरी असतोच. उत्तर ठामपणे दिलं जातं आणि बहुतेक वेळा चुकीचं असतं. २०२३-२४ या शैक्षणिक वर्षात अमेरिकेत ३,३१,६०२ भारतीय विद्यार्थी होते. त्यांच्यापैकी जे कॉलेजच्या दवाखान्याची पायरी चढले, त्यांच्यातल्या बहुतेकांच्या केसपेपरला हिपाचे गोपनीयतेचे नियम लागूच होत नाहीत. मग कोणता कायदा लागू होतो? ते ठरवायची एक रीत आहे, आणि ती समजायला वकील असण्याची गरज नाही.

१. दोन कायदे, एकच तारीख

पहिला कायदा शाळेतला. त्याचं नाव ‘फॅमिली एज्युकेशनल राइट्स अँड प्रायव्हसी अ‍ॅक्ट’, बोलताना फर्पा. २१ ऑगस्ट १९७४ रोजी राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी त्यावर सही केली. वॉटरगेटमुळे निक्सन पायउतार होऊन तेव्हा बाराच दिवस झाले होते आणि सरकारी कपाटांतल्या गुप्त फायलींबद्दल सगळा देश साशंक होता. न्यूयॉर्कचे सिनेटर जेम्स बकली यांचा रोख शाळांच्या फायलींवर होता. शाळा मुलांविषयी काय वाटेल ते लिहून ठेवत, आणि ते आईबापांना पाहता येत नसे. फर्पानं हे उलटं केलं. पालकांना फाइल पाहण्याचा हक्क दिला आणि त्यांच्या लेखी संमतीशिवाय ती बाहेर दाखवायची नाही, असं बंधन शाळेवर घातलं. आज मुंबई-पुण्यातले पालक ज्या कायद्याच्या नावानं बोटं मोडतात तो मुळात पालकांच्याच बाजूनं जन्माला आला होता, हे गमतीचं आहे.

दुसरा कायदा विम्यातला. ‘हेल्थ इन्शुरन्स पोर्टेबिलिटी अँड अकाउंटेबिलिटी अ‍ॅक्ट’, म्हणजे हिपा. राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी त्यावर सही केली तीही २१ ऑगस्टलाच, १९९६ साली. बरोबर बावीस वर्षांचं अंतर, निव्वळ योगायोग. नोकरी बदलली तरी आरोग्यविमा तुटू नये, आणि विम्याचे दावे कागदाऐवजी संगणकावरून एका ठरावीक साच्यात जावेत, हे त्याचे मूळ हेतू. माहिती तारांतून धावणार म्हटल्यावर ती सांभाळायचे नियम आले. ते डिसेंबर २००० मध्ये प्रसिद्ध झाले आणि बहुतेक दवाखान्यांना १४ एप्रिल २००३ पासून पाळावे लागले.

हिपाचा हा विम्यातला जन्म लक्षात ठेवा, पुढं कामाला येईल. हिपा जगातल्या प्रत्येक डॉक्टरला लागू होत नाही. विमा कंपन्या, दावे हाताळणाऱ्या मधल्या संस्था आणि विम्याचे व्यवहार संगणकावरून करणारे डॉक्टर-दवाखाने, एवढ्यांनाच तो बांधतो. रोख पैसे घेऊन वहीत नोंद करणारा आणि विम्याच्या वाटेला न जाणारा डॉक्टर अमेरिकेतही हिपाच्या बाहेर राहतो.

फर्पाचीही अशीच अट आहे. केंद्राच्या शिक्षण खात्याकडून पैसा घेणाऱ्या संस्थांनाच तो लागू होतो. सगळ्या सरकारी शाळा त्यात येतात. विद्यापीठं तर जवळजवळ सगळीच येतात, कारण त्यांचे विद्यार्थी केंद्राची कर्जं आणि अनुदानं घेतात. अनेक खासगी शाळा, विशेषतः धार्मिक संस्थांच्या, बाहेर राहतात.

२. ‘हे आमच्या हद्दीत येत नाही’

दोन पोलीस ठाण्यांच्या सीमेवरच्या चौकात मोटारसायकल चोरीला गेली की काय होतं, हे आपल्याला सांगायला नको. चौकाची ही बाजू एका ठाण्याची, ती बाजू दुसऱ्याची, आणि तक्रारदार दिवसभर दोन्हीकडे हेलपाटे घालतो. विद्यार्थ्याची आरोग्यनोंद अशाच चौकात उभी असते. ती शाळेतल्या मुलाची आहे, म्हणून फर्पा. ती आरोग्याची आहे, म्हणून हिपा.

हिपाचे नियम लिहिणाऱ्यांना हा घोळ दिसला होता, म्हणून त्यांनी हद्द आखून दिली. जी नोंद फर्पाखाली ‘शैक्षणिक नोंद’ ठरते ती हिपाच्या संरक्षित आरोग्य माहितीतून वगळली आहे. म्हणजे जिथं फर्पा सुरू होतो तिथं हिपाचे गोपनीयतेचे नियम थांबतात. एकाच कागदाला दोन्ही एकदम लागू, असं होत नाही. त्यामुळे विचारायचा क्रमही ठरतो: आधी फर्पाचं विचारायचं, आणि तिथून ‘नाही’ आलं तरच हिपाकडे वळायचं. बहुतेक लोक उलट्या टोकानं सुरुवात करतात, कारण ‘आरोग्य’ म्हटलं की हिपाच आठवतो.

३. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आणि शाळेची नर्स

शैक्षणिक नोंद म्हटलं की गुणपत्रिका डोळ्यांपुढं येते. कायद्याची व्याख्या पुष्कळ रुंद आहे. त्यात दोनच कसोट्या आहेत: नोंद थेट त्या विद्यार्थ्याविषयी हवी, आणि ती शाळेनं किंवा शाळेच्या वतीनं कुणी तरी ठेवलेली हवी. नोंदीत गणिताचे गुण आहेत की दम्याचा पंप, याच्याशी कायद्याला कर्तव्य नाही.

समजा, न्यू जर्सीतल्या एका मराठी कुटुंबातला आठ वर्षांचा आरव सरकारी शाळेत जातो. त्याला शेंगदाण्याची तीव्र अ‍ॅलर्जी आहे. (ज्या घरात कूट नसलेली कोशिंबीर म्हणजे अपराध, त्या घरात हे फारच अवघड जातं, पण तो वेगळा विषय.) बालरोगतज्ज्ञानं त्याची तपासणी केली आणि अहवाल स्वतःच्या संगणकात ठेवला. ही नोंद हिपाखाली. त्याची एक प्रत आईनं शाळेच्या नर्सला दिली आणि नर्सनं ती आरवच्या फायलीत लावली. ही प्रत फर्पाखाली. मजकूर शब्दशः तोच, सही तीच, तरी कायदे दोन. नर्स परवानाधारक आहे, पांढरा कोट घालते, रक्तदाब मोजते, यानं काही बदलत नाही. ती शाळेची नोकर आहे आणि तिचं कपाट शाळेचं आहे.

आता यातून रोजच्या व्यवहारात काय फरक पडतो? आरवला शाळेत पुरळ उठलं आणि नर्सला औषधाच्या मात्रेबद्दल शंका आली, तर डॉक्टर तिच्याशी मोकळेपणानं बोलू शकतो. उपचारासाठी दुसऱ्या आरोग्यसेवकाला माहिती द्यायला हिपाखाली लेखी परवानगी लागत नाही. नर्सनं मात्र शाळेच्या फायलीतलं काही डॉक्टरला कळवायचं तर आईवडिलांची लेखी संमती हवी. तातडीचा प्रसंग तेवढा अपवाद. एकाच फोनवरच्या दोन टोकांना दोन वेगळे नियम. हे विचित्र दिसतं, आणि माझ्या मते ते आहेही. उपचाराच्या बाबतीत हिपा लोक समजतात त्यापेक्षा पुष्कळ सैल आहे, आणि फर्पा लिहिताना नर्सचा विचार फारसा झालेला नव्हता.

लसीकरणाच्या दाखल्यासाठी २०१३ साली हिपाच्या बाजूनं वाट थोडी सोपी केली गेली. जिथं राज्याचा कायदा शाळेला दाखला मागायला सांगतो, तिथं पालकांनी डॉक्टरला तोंडी ‘पाठवा’ म्हटलं तरी पुरतं.

फर्पामुळे पालकांना मिळणारी एक गोष्टही इथं सांगायला हवी. नर्सकडची फाइल बघायला मागितली, तर शाळेला ती ४५ दिवसांच्या आत दाखवावीच लागते.

४. पण नर्सनं बिल पाठवलं तर?

इथं अनेक शाळा अडखळतात. मेडिकेड या सरकारी योजनेखालच्या मुलांना दिलेल्या सेवांचं बिल शाळा संगणकावरून पाठवते. मग ती हिपाच्या व्याख्येतली आरोग्यसेवा देणारी संस्था झाली की नाही? झाली. तरीही त्या मुलांच्या नोंदी शैक्षणिक नोंदीच राहतात, म्हणून गोपनीयतेच्या बाबतीत हद्द फर्पाचीच. संस्था हिपात आली म्हणून तिच्या कपाटातला प्रत्येक कागद हिपात जात नाही.

उलट टोकाचं उदाहरणही आहे. केंद्राचा पैसा न घेणारी खासगी शाळा आणि विम्याचं बिल न पाठवणारी तिची नर्स. तिथं फर्पाही नाही, हिपाही नाही. राज्याचा कायदा काय म्हणतो, तेवढंच उरतं.

५. कॉलेजात गेलं की मालक बदलतो

आता सुरुवातीच्या पालकांकडे येऊ. मूल अठरा वर्षांचं झालं, किंवा कोणत्याही वयात कॉलेजात दाखल झालं, की फर्पाखालचे सगळे हक्क आईबापांकडून मुलाकडे जातात. सतरा वर्षांचा हुशार मुलगा लवकर विद्यापीठात गेला तर त्याच दिवशी हक्क त्याचे. फी कोण भरतं, कर्जाला जामीन कोण आहे, याचा हक्काशी संबंध नाही.

कॉलेजच्या दवाखान्यात आणखी एक प्रकार भेटतो. फर्पानं ‘उपचाराच्या नोंदी’ नावाचा एक तुकडा वेगळा काढून ठेवला आहे. डॉक्टर, मानसोपचारतज्ज्ञ, समुपदेशक यांनी कॉलेजच्या विद्यार्थ्यावर उपचार करताना केलेल्या, फक्त उपचारासाठी वापरलेल्या आणि उपचार करणाऱ्यांपलीकडे कुणाला न दाखवलेल्या नोंदी त्यात येतात. त्या फर्पाच्या शैक्षणिक नोंदीतून वगळलेल्या आहेत, आणि हिपानंही त्यांना नाव घेऊन वगळलं आहे. चौकात मधोमध जी जागा दोन्ही ठाण्यांनी सोडली, तीच ही.

मग ती बेवारस आहे का? नाही, कारण तिची अट फार नाजूक आहे. समुपदेशकाची टिपणं उपचाराखेरीज दुसऱ्या कामासाठी बाहेर गेली, समजा परीक्षेला मुदतवाढ मिळावी म्हणून विभागप्रमुखाकडे पोचली, की त्या क्षणी ती शैक्षणिक नोंद बनते आणि फर्पाच्या हद्दीत येते. आणि एक विरोधाभास: नोंद उपचाराची असेपर्यंत ती स्वतः पाहण्याचा हक्क फर्पा विद्यार्थ्याला देत नाही. स्वतःच्या पसंतीच्या डॉक्टरमार्फत ती तपासून घेता येते, एवढंच. बाहेर गेली की मात्र विद्यार्थीही ती मागू शकतो.

लसीकरणाचा दाखला यात बसत नाही. जायच्या आधी आपण गोवराच्या लशीचे पुरावे शोधत घर डोक्यावर घेतो. तो दाखला विद्यापीठाला प्रवेशाची अट पुरी झाली की नाही हे बघायला लागतो. म्हणजे काम निव्वळ उपचाराचं नाही, तेव्हा ती सरळ शैक्षणिक नोंद.

६. पाटी नको, वतीनं कोणाच्या ते बघा

विद्यापीठाच्या आवारात दोन इमारती आहेत: एक विद्यार्थी आरोग्य केंद्र आणि एक मोठं विद्यापीठ रुग्णालय. मुलीचा पाय मुरगळला. ती पहिल्या इमारतीत गेली तर नोंद फर्पाच्या बाजूची, दुसऱ्या इमारतीत गेली तर हिपाखाली. रुग्णालय तिला रुग्ण म्हणून तपासतं. ती विद्यार्थिनी आहे की शेजारच्या गावातली दुकानदारीण, यानं फरक पडत नाही. मात्र त्याच रुग्णालयानं विद्यापीठाच्या वतीनं विद्यार्थ्यांचा दवाखाना चालवायला घेतला असेल, तर त्या दवाखान्यातल्या विद्यार्थ्यांच्या नोंदी पुन्हा फर्पाकडे. आरोग्य केंद्रात प्राध्यापकांवरही उपचार होत असतील आणि केंद्र विम्याचे दावे संगणकावरून पाठवत असेल, तर एकाच कपाटात विद्यार्थ्यांच्या नोंदी एका कायद्याखाली आणि प्राध्यापकांच्या दुसऱ्या.

अलीकडे समुपदेशन मोबाइलवरून देणाऱ्या कंपन्यांशी विद्यापीठं करार करतात. तिथंही हाच प्रश्न: कंपनी विद्यापीठाचं काम करते आहे की स्वतःचं? कॅम्पसबाहेरच्या डॉक्टरकडे स्वतः जाऊन विम्याचं कार्ड दाखवलं, तर तो सरळ हिपा.

७. दोन विद्यापीठं, दोन चुका

१६ एप्रिल २००७ रोजी व्हर्जिनिया टेकमध्ये एका विद्यार्थ्यानं ३२ जणांना गोळ्या घालून ठार केलं आणि मग स्वतःवर गोळी झाडली. मृतांत मुंबईहून वास्तुरचना शिकायला गेलेली एक विद्यार्थिनीही होती. गव्हर्नर टिम केन यांनी नेमलेल्या चौकशी समितीला जे आढळलं ते आपल्या विषयाच्या मुळाशी जातं. त्या विद्यार्थ्याविषयी प्राध्यापकांना काळजी होती, पोलिसांकडे तक्रारी होत्या, डिसेंबर २००५ मध्ये न्यायालयानं त्याला बाह्यरुग्ण म्हणून उपचार घ्यायला सांगितलं होतं. ही माहिती तुकड्यातुकड्यांनी वेगवेगळ्या टेबलांवर पडून राहिली आणि आईवडिलांपर्यंत पोचलीच नाही. प्रायव्हसीचा कायदा आड येतो, असं लोकांना वाटत होतं. खरं तर कायद्यानं पुष्कळ वाव दिलेला होता. आरोग्याला किंवा जिवाला धोका असेल तेव्हा फर्पा सांगू देतो. शिवाय फर्पा नोंदींना लागू होतो, डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टींना नाही. वर्गात मुलगा विचित्र वागतो हे प्राध्यापकानं स्वतः पाहिलं असेल, तर ते सांगायला त्याला फर्पा अडवत नाही.

या घटनेनंतर शिक्षण खातं आणि आरोग्य खातं यांनी मिळून नोव्हेंबर २००८ मध्ये एक मार्गदर्शिका काढली. कोणती नोंद कोणाची, हे त्यात प्रश्नोत्तरांनी सांगितलं होतं; डिसेंबर २०१९ मध्ये तिची सुधारित आवृत्ती आली. दोन खात्यांना एकत्र बसून हद्द समजावून सांगावी लागली, यातच सगळं आलं.

दुसरी चूक उलट्या दिशेची. युनिव्हर्सिटी ऑफ ओरेगनमधल्या एका विद्यार्थिनीनं बास्केटबॉल खेळाडूंवर बलात्काराचा आरोप केला आणि विद्यापीठानं प्रकरण नीट हाताळलं नाही म्हणून जानेवारी २०१५ मध्ये विद्यापीठावर दावा लावला. तेव्हा बाहेर आलं की विद्यापीठाच्याच समुपदेशन केंद्रातली तिची टिपणं तिच्या संमतीशिवाय विद्यापीठाच्या वकिलांकडे गेली होती. विद्यार्थ्यानं संस्थेवर दावा लावला तर बचावासाठी लागणाऱ्या शैक्षणिक नोंदी संस्थेला न्यायालयापुढं ठेवता येतात, अशी फर्पात तरतूद आहे. गुणपत्रिकेसाठी ती ठीक. पण ज्या खोलीत मुलगी विश्वासानं रडली त्या खोलीतली टिपणं? प्रकरण ऑगस्ट २०१५ मध्ये आठ लाख डॉलरला मिटलं. वर्षभरानं, ऑगस्ट २०१६ मध्ये, शिक्षण खात्यानं सगळ्या विद्यापीठांना कळवलं की दावा उपचाराविषयी किंवा त्याच्या बिलाविषयीच नसेल, तर लेखी संमतीशिवाय किंवा न्यायालयाच्या आदेशाशिवाय उपचाराच्या नोंदी वकिलांना देऊ नयेत.

फर्पामागची शिक्षा पाहिली तर विद्यार्थ्याच्या हातात फार थोडं आहे. शिक्षण खात्याकडे १८० दिवसांत तक्रार करता येते, आणि खातं टोकाला जाऊन संस्थेचा निधी थांबवू शकतं. फर्पा मोडला म्हणून विद्यार्थ्याला स्वतः दावा लावता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २००२ साली गोंझागा विद्यापीठाच्या खटल्यात ठरवलं. हिपाखाली दंड होतात, पण तिथंही रुग्णाला थेट दावा नाही.

८. मग इथल्या आईबापांनी काय करायचं?

फर्पात पालकांसाठी एक सवलत आहे. अमेरिकी आयकराच्या नियमांप्रमाणे मूल पालकांवर अवलंबून असेल, तर कॉलेज त्याच्या संमतीशिवायही पालकांना शैक्षणिक नोंदी दाखवू शकतं. ओहायोतल्या आईबापांना ही सवलत चालते. नाशिकचे आईबाप अमेरिकेत विवरणपत्रच भरत नाहीत, त्यामुळे त्यांना ती कामाची नाही. आणि कायदा ‘दाखवू शकतं’ म्हणतो, ‘दाखवावं’ म्हणत नाही. अनेक कॉलेजं ओहायोच्या पालकांनाही नाही म्हणतात. १९९८ सालच्या एका दुरुस्तीनं, एकवीस वर्षांखालच्या मुलानं दारूचे किंवा अमली पदार्थांचे नियम मोडले तर पालकांना कळवायची मुभा कॉलेजला दिली. तीही मुभाच.

जिवाचा प्रश्न असेल तेव्हा कॉलेज फोन करू शकतं, आणि त्याला हद्द लागत नाही. त्यासाठी कॉलेजकडे आईवडिलांचा चालू नंबर हवा, पुण्याच्या घरचा बंद पडलेला लँडलाइन नको.

एफ-१ व्हिसावरच्या मुलांची एक गोष्ट वेगळी आहे. आजारपणामुळे सेमिस्टरमध्ये कमी विषय घ्यायचे तर परवानाधारक डॉक्टरचं किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचं पत्र कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाला द्यावं लागतं. एका पदवीच्या पातळीवर अशी सूट सगळी मिळून बारा महिन्यांपर्यंतच मिळते. ते पत्र त्या कार्यालयाच्या फायलीत गेलं की शैक्षणिक नोंद झालं. इमिग्रेशनच्या यंत्रणेला लागेल तेवढी माहिती देण्यापुरता फर्पा इथं बाजूला ठेवला जातो. म्हणून डॉक्टरला सांगावं की पत्रात कामापुरतं लिहा. सगळा इतिहास मांडायची गरज नाही.

सगळ्यात साधा उपाय म्हणजे मुलाची लेखी संमती. पण ती दोन ठिकाणी वेगवेगळी द्यावी लागते, हे बहुतेकांना माहीत नसतं. रजिस्ट्रारच्या कचेरीत भरलेल्या फर्पाच्या फॉर्मनं गुण आणि फी यांची माहिती मिळते. दवाखान्याचा आणि समुपदेशन केंद्राचा फॉर्म स्वतंत्र असतो. त्यात कोणाला सांगायचं, काय सांगायचं आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे मूल ठरवतं. विमानाचं तिकीट काढण्याआधी हे फॉर्म समोर ठेवून बोललेलं बरं. मुलीनं ‘तापाचं सांगा, समुपदेशनाचं नको’ असं लिहिलं, तर दवाखाना तसंच वागेल. आणि पुढं कधी तिनं ती संमती मागे घेतली, तर त्याचं कारण विचारायला आईनं दवाखान्यात केलेल्या फोनवर पुन्हा तेच गोड आवाजातलं उत्तर मिळेल.